रडगाणें नको, कारण सांगा

(तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यांत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



आजच्या मेळाव्यांत मला चार शब्द बोलावयास सांगितलें आहे. विषय चिटणिसांनींच ठरवून दिला: नोकरीच्या ठिकाणीं आपलें म्हणणें कारणांसह कसें मांडावें आणि समोरच्याला कसें पटवावें. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच कीं, या कामांत मी जितक्या वेळां हरलों आहें तितके येथें बसलेल्यांपैकीं फारसे कोणी हरले नसतील. वीस वर्षें मास्तरकी केली. तेवढ्या काळांत कौलांसाठीं, फळ्यासाठीं, पाण्याच्या टाकीसाठीं, स्वतःच्या बदलीसाठीं अर्जांवर अर्ज केले. त्यांतले बहुतेक कोठें गेले तें वाळवीलाच माहीत.

ट्रेनिंग कॉलेजांत असतांना आम्हांला पाठाचें टांचण काढावयास शिकविलें, फळ्यावर अक्षर कसें काढावें तें शिकविलें, मुलांना प्रश्न कसे विचारावे तेंही शिकविलें. पण साहेबापुढें उभें राहून, त्याचा अपमान न करतां आणि स्वतःचाही न करून घेतां, आपली गोष्ट खरी कशी करून दाखवावी हें कोणींच शिकविलें नाहीं. तें मला एका कारकुनानें शिकविलें. त्याची गोष्ट आधीं सांगतों.

माझी पहिली शाळा दोन खोल्यांची, कौलारू. पावसाळा आला कीं दुसरीच्या वर्गांत पाऊस आधीं आणि मुलें मागाहून. नोकरीच्या दुसऱ्या वर्षीं मीं अर्ज लिहिला. तरुण रक्त, शिवाय निबंधांत पहिला नंबर मिळविलेला. "या ज्ञानमंदिराची हृदयद्रावक दशा पाहून पाषाणासही पाझर फुटेल" असें एक वाक्य त्यांत होतें. तें लिहिल्यावर मीं तें दोनदां वाचून पाहिलें होतें. दोन महिने उत्तर नाहीं. मग मी तालुक्याला गेलों. तेथें एक म्हातारे कारकून होते. त्यांनीं अर्ज काढला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "गुरुजी, पाषाणाला पाझर फुटला असेल हो, पण पाषाणाच्या सहीनें कौलें मिळत नाहींत. तुम्हांला पाहिजे काय?"

मी म्हणालों, "शाळा दुरुस्त."

"किती कौलें? कोणत्या खोलीचीं? वासे शाबूत आहेत कीं नाहींत? गळतीनें शाळा किती दिवस बंद पडली? हा कागद मी साहेबांपुढें ठेवला आणि साहेबांनीं हेंच विचारलें तर मी काय सांगूं? मी सुद्धां रडूं?"

मला एकाही प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. परत येऊन मीं एक वही घातली. रोज सकाळीं पाऊस होता कीं नव्हता, कोणत्या खोलींत पाणी आलें, किती मुलें उठवून दुसऱ्या खोलींत नेलीं, एवढेंच लिहीत गेलों. ४१ दिवसांच्या नोंदींत १७ दिवस दुसरीचा वर्ग भरलाच नव्हता. गांवच्या मिस्त्रीला शिडीवर चढविलें. त्यानें साडेतीनशें कौलें आणि सहा वासे सांगितले. दुसरा अर्ज एका पानाचा झाला. त्यांत पाषाण नव्हता. दीड महिन्यानें कौलें आलीं. वासे आले नाहींत. पण तो निराळा अर्ज आहे.

त्या म्हाताऱ्या कारकुनाचें म्हणणें मला पुढें कळलें. आपण अर्ज करतों तेव्हां आपल्या डोळ्यांपुढें निर्णय देणारा मोठा साहेब असतो. पण कागद त्याच्याकडे एकटा जात नाहीं; तो कोणीतरी नेतो, आणि वर आपल्या नांवानें दोन ओळी लिहितो. त्या दोन ओळी त्याला आयत्या सांपडल्या पाहिजेत. तुमचें म्हणणें जो दुसऱ्याला सांगणार आहे त्याच्या तोंडांत तें मावलें पाहिजे.

आतां थोडें आपल्या घरचें बोलतों. आम्हां बहुजनसमाजांतील माणसांना वाद घालतां येत नाहीं, हें लोक म्हणतात तें पुरतें खोटें नाहीं. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, मानपानावरून आम्ही पिढ्यान् पिढ्या भांडतों. पण भांडणें निराळें आणि कारण सांगणें निराळें. पोरानें घरांत "कां?" म्हटलें कीं "उलट बोलतो" म्हणून थोबाडींत. सुनेनें विचारलें तर तिच्या माहेराचा उद्धार. सालगड्यानें मालकाला विचारलें तर दुसऱ्या दिवशीं कामच बंद. असें ज्याचें वळण, तो कचेरींत गेल्यावर करणार काय? एक तर "मायबाप" म्हणून पायांवर डोकें ठेवतो, नाहीं तर टेबलावर मूठ आपटून अंगावर जातो. पाया पडणाऱ्याला भीक मिळते, अंगावर जाणाऱ्याला नोटीस. समोरच्या खुर्चीवर बसून, आवाज न चढवितां, "साहेब, हें असें आहे, म्हणून असें करावें" एवढें म्हणणारा माणूस आमच्यांत दुर्मिळ. आणि याला बुद्धि कमी हें कारण नव्हे. संवय नाहीं, हें कारण.

त्या वाक्यांतला "म्हणून" हा शब्द नीट पाहा. सारी खुबी त्यांत आहे. "शाळा गळते म्हणून नवी इमारत द्या" असा अर्ज मीं एका मित्राच्या हातचा पाहिला आहे. गळतें म्हणून कौलें बदला, हें समजतें; पण नवी इमारत कां? मध्यें एक पायरी गाळली आहे. भिंतींनीं जागा सोडली आहे, असें कांहीं असेल तर तें सांगितलें पाहिजे, आणि भिंतींनीं जागा सोडली आहे हें कोणीतरी पाहिलें पाहिजे. "मी वीस वर्षें नोकरी केली, म्हणून माझें ऐकलें पाहिजे" यांतला "म्हणून" तर अगदींच लंगडा. वीस वर्षें चूक करणारे पुष्कळ आहेत; मी स्वतः कांहीं बाबतींत त्यांतलाच. लिहून झाल्यावर प्रत्येक "म्हणून" पाशीं थांबावें आणि वाकड्या तोंडाच्या माणसासारखें स्वतःला विचारावें, "तें कसें काय?" उत्तर आलें नाहीं तर तें वाक्य खोडावें.

कोणी म्हणेल, हें तर्कशास्त्र आहे, तें शिकावयास पंडित व्हावें लागतें. न्यायशास्त्रांत अनुमानाचे पांच अवयव सांगितले आहेत, आणि डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथें विस्तव आहे, हें त्यांचें ठरलेलें उदाहरण. माझी आई निरक्षर होती. गवताच्या गंजीकडे धूर दिसतांच ती घागर घेऊन धांवली होती. प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण हीं नांवें तिला ठाऊक नव्हतीं, पण अनुमान बरोबर होतें. तेव्हां हें कोणा एका जातीच्या पोथींत बांधून ठेवलेलें शास्त्र नव्हे. चुलीपाशीं आणि शेतांत जें आपण रोज करतों तेंच कचेरींत करावयाचें आहे.

आतां ज्यांनीं हें काम आपल्याआधीं करून दाखविलें त्यांच्याकडे वळतों.

१८८२ सालीं हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण कमिशन नेमलें गेलें. त्यापुढें जोतीराव फुले यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं आपलें निवेदन दिलें. जोतीरावांचें नांव घेऊन आपण जयजयकार पुष्कळ करतों. तें निवेदन वाचतो कोण? प्रत्येक शिक्षकानें तें वाचावें, आणि काय म्हटलें आहे याबरोबर कसें म्हटलें आहे हेंही पाहावें.

आरंभीं ते स्वतःचा अधिकार सांगतात. आणि कसा? माझा शिक्षणाचा अनुभव मुख्यतः पुणें आणि आसपासचीं खेडीं एवढ्यापुरता आहे, असें म्हणून. आपण असतों तर "अखिल हिंदुस्थानांतील रयतेच्या वतीनें" अशी सुरुवात केली असती! जोतीरावांनीं कुंपण आधीं घालून घेतलें, म्हणून कुंपणाच्या आंतलें त्यांचें बोलणें पक्कें झालें. मग सांगतात: मीं मुलींची शाळा काढली, मिशनच्या मुलींच्या शाळेंत कांहीं वर्षें शिकविलें. खालीं सही करतांना व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. म्हणजे बोलणारा कोण आहे, त्याला हें कशावरून ठाऊक आहे, याबद्दल संशयाला जागाच ठेवली नाहीं.

मग मुख्य कारण. सरकारचा वसूल बहुतेक रयतेच्या श्रमांतून येतो. त्या पैशाचा मोठा वांटा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो. रयतेचीं मुलें मात्र शाळेवांचून राहतात. हें वाचतांना "म्हणून" आपोआप येतो, तो लिहावाही लागत नाहीं. ज्याचा पैसा त्याच्या पोराला पाटी, एवढी सरळ गोष्ट आहे. आणि विरुद्ध पक्षाचें म्हणणें ते झांकीत नाहींत. वरच्या वर्गाला शिकवा, मग विद्या झिरपत झिरपत खालीं येईल, असें त्या काळच्या सरकारचें धोरण होतें. झिरपलें किती तें दाखवा, असा त्यांच्या साऱ्या निवेदनाचा रोख आहे.

पण मला सर्वांत आवडतो तो भाग याच्या पुढचा. रागानें लिहिणारा माणूस येथें थांबला असता. जोतीराव मागण्यांवर येतात, आणि त्या अगदीं हिशेबी आहेत. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें. शिक्षक शक्य तोंवर शेतकरी वर्गांतून घ्यावे, म्हणजे ते लोकांत मिसळतील. ट्रेनिंग झालेल्या शिक्षकाला बारा रुपयांहून कमी पगार नसावा. मोठ्या गांवीं पंधरा किंवा वीस असावा. गांवचे हिशेब तपासणें, दस्त नोंदणें, टपाल, स्टँप विकणें अशीं कामें शिक्षकाला जोडून दिलीं तर त्याचा गांवांत मान वाढेल. मुलांना मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीची, नीतीची आणि आरोग्याची माहिती द्यावी. लोकलफंडाचा अर्धा भाग प्राथमिक शिक्षणाला द्यावा. डेप्युटीनें वर्षांतून एकदां शाळा तपासून भागणार नाहीं; तिमाही तपासणी व्हावी, आणि मधून मधून न कळवितांही यावें.

हें शेवटचें आपल्यापैकीं किती जणांनीं मागितलें असतें? न कळवितां तपासणीला या, असें म्हणणारा स्वतः शिक्षक राहिलेला माणूस आहे. स्वतःच्या बाजूच्या माणसांनाही जें जाचेल तें जो मागतो, त्याच्या बाकीच्या मागण्यांवर ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. आपल्या संघाच्या निवेदनांत दहा मागण्या असतात आणि दहाही आपल्या सोयीच्या. मग वाचणारा हंसतो, त्याचें नवल काय?

सरकारनें तें ऐकलें कां? सक्तीचें शिक्षण तेव्हां कांहीं मिळालें नाहीं. बडोद्यांत सयाजीराव महाराजांनीं तें १९०६ सालीं सुरू केलें, कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं. साऱ्या देशाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मिळावयास २००९ साल उजाडलें, आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पण या अवधींत जोतीरावांच्या कारणांपैकीं एकही कारण शिळें झालें नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घ्या.

दुसरे नारायण मेघाजी लोखंडे. हे जोतीरावांचे सहकारी, सत्यशोधक, १८८० पासून "दीनबंधु" पत्राचे संपादक. मुंबईंत एका गिरणींत ते स्टोअरकीपर होते, म्हणजे कामगारांची दशा त्यांनीं पेढीवरून नव्हे, आंतून पाहिलेली. १८८१ सालीं गिरण्यांचा पहिला कायदा झाला, पण तो मुख्यतः लहान मुलांपुरता. सात वर्षांखालील मूल कामाला लावूं नये आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, एवढीच त्याची झेप. मोठ्या माणसाला, बाईला त्यांत कांहीं नव्हतें. १८८४ सालीं मुंबई सरकारनें कमिशन नेमलें, तेव्हां सप्टेंबरांत लोखंड्यांनीं कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपांच हजार सह्यांचें निवेदन तयार केलें.

त्यांतल्या मागण्या ऐका. रविवारीं सुटी. दुपारीं अर्धा तास विश्रांति. काम सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आंत. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि जन्माचें पंगुत्व आलें तर पोटापाण्याची सोय. एवढेंच. आजच्या माणसाला वाटेल, हें काय मागणें झालें? साडेसहा ते सूर्यास्त म्हणजे बारा तासांच्या आसपास काम! पण लोखंड्यांना आपला ऐकणारा माहीत होता. प्रत्येक मागणी मोजतां येणारी आहे. "आम्हांला माणसासारखें वागवा" असें म्हटलें असतें तर मालक म्हणाले असते, वागवितोंच कीं! अर्धा तास म्हटलें कीं घड्याळ पुढें येतें. १५ तारीख म्हटली कीं पंचांग पुढें येतें. "हो" किंवा "नाहीं" याखेरीज तिसरें उत्तर देतांच येत नाहीं.

तरी सहा वर्षें लागलीं. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले. त्या सभेंत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १८९० सालीं! आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें आठवड्याची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्यांत आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति आली, स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली, नऊ वर्षांखालील मुलांना बंदी झाली. इजेच्या भरपाईचा कायदा व्हावयास १९२३ साल लागलें. पगार मुदतींत देण्याचा कायदा १९३६ सालीं झाला. लोखंडे १८९७ सालीं प्लेगांत गेले. म्हणजे त्या एका कागदावरील मागण्या त्यांच्या मागें चाळीस वर्षांपर्यंत एक एक करून मान्य होत राहिल्या.

येथें कोणी म्हणेल, आणि दरवेळीं कोणीतरी म्हणतोच, कीं कारणांना कोण विचारतो, दहा हजार माणसें जमलीं म्हणून मालक नमले. खरें आहे, माणसें पाहिजेत. मी कांहीं एवढा भोळा नाहीं कीं चांगला अर्ज लिहिला म्हणजे साहेब विरघळतो असें मानूं. पण दहा हजार माणसें मैदानावर जमवून त्यांना नेमकें काय पाहिजे हें सांगतां आलें नसतें तर संध्याकाळीं तीं घरीं गेलीं असतीं. तीं जमण्याच्या आधीं सहा वर्षें तो कागद तयार होता.

आतां माझ्या हरण्याची खरी गोष्ट. ती मीं आजवर सभेंत सांगितली नव्हती.

हल्लींच्या माझ्या गांवीं दोन वर्षांमागें एका खोलीची मागची भिंत फुगली. पावसाळा तोंडावर. मीं ग्रामसभेंत विषय मांडला. तेव्हां पुढच्या रांगेंतून एक जण म्हणाले, "गुरुजी, एवढं काय त्यात? देवळात भरवा की शाळा. दोन महिन्याचा तर प्रश्न." सरपंच म्हणाले, "बरोबर आहे. सभामंडप रिकामाच असतो."

देवळांत शाळा कां नको, याचें खरें कारण मला ठाऊक होतें. बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतें. पण मला त्या गांवांत राहावयाचें होतें. खोलीचें भाडें पुढच्या रांगेंतल्याच एका गृहस्थाला देत होतों. म्हणून मी म्हणालों, "देऊळ लहान पडेल."

सरपंचांनीं लागलीच एका पोराला टेप घेऊन पाठविलें. सभामंडप वीस फूट रुंद, तीस फूट लांब निघाला. माझी वर्गखोली अठरा बाय वीस. सगळी सभा हंसली. मी गणित शिकविणारा माणूस! मग मी म्हणालों, गोंगाट होईल. ते म्हणाले, दुपारीं देवळांत चिटपांखरूं नसतें. मी म्हणालों, फळा कोठें लावूं. ते म्हणाले, खांबाला. तीन कारणें सांगितलीं, तिन्हीं पडलीं, आणि ठराव झाला. खोटें कारण सोईचें असतें, पण तें दुसऱ्याच्या हातांत टेप देतें.

सभा उठावयाच्या बेतांत होती, तेव्हां मागें दाराशीं बसलेली एक बाई उभी राहिली. तिचा मुलगा तिसरींत. नांव सांगत नाहीं. ती म्हणाली, "माझं एक ऐका. माझं पोरगं शाळंत पहिल्या बाकावर बसतं. गेल्या जत्रंला त्याचा बा सभामंडपात गेला, तवा त्याला कोण काय बोललं ते हितं बसलेल्या समद्यांस्नी ठावं हाय. आता मला एवढंच सांगा, देवळात शाळा भरली तर माझं पोरगं कुठं बसल?"

आणि ती खालीं बसली.

सभेंत कोणी बोलेना. पुढच्या रांगेंतले गृहस्थ टोपी काढून पुन्हां घालीत राहिले. बऱ्याच वेळानें सरपंच खालीं पाहून म्हणाले, "गुरुजी, भिंतीला टेकू द्यायला काय खर्च येईल?"

त्या बाईच्या बोलण्याचा मीं पुढें पुष्कळ विचार केला, कारण त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. तिनें कोणाला शिवी दिली नाहीं, कोणाचें नांव घेतलें नाहीं. नांव घेतलें असतें तर भांडण त्या एका माणसाचें झालें असतें आणि बाकीचे सुटले असते. पुरावा तिनें असा घेतला कीं तो ऐकणाऱ्यांच्याच पोटांत होता. नाकारावयाचा तर स्वतःशींच खोटें बोलावें लागलें असतें. शाळेंतला पहिला बाक आधीं सांगितला, म्हणून देवळांतल्या जागेचा प्रश्न मागून टोंचला. आणि शेवटीं मागणी केलीच नाहीं. प्रश्न विचारला, व उत्तर त्यांच्यावर सोंपविलें. मी ट्रेनिंग कॉलेजांत दोन वर्षें काढलीं, ती चौथींतून निघालेली. पण आमच्या दोघांत फरक शिक्षणाचा नव्हता. ती खरें कारण बोलली आणि मी बोललों नाहीं. तिला माझ्याहून धोका अधिक होता, हेंही सांगितलें पाहिजे. मी बदली मागून जाऊं शकलों असतों.

या प्रसंगानंतर माझ्या वर्गांत मीं एक रिवाज घातला. मुलानें उत्तर दिलें, तें बरोबर असो वा चूक, कीं बाकीच्यांनीं "कशावरून?" असें विचारावयाचें. पहिला महिना गोंधळांत गेला. दोन पालक तक्रार घेऊन आले कीं पोरगा घरीं "कशावरून" विचारतो. एकाला मीं समजाविलें. दुसरा अजून माझ्याशीं बोलत नाहीं. मुलें मला सुद्धां सोडीत नाहींत. एकदां मीं चिडून "मी सांगतों म्हणून" असें उत्तर दिलें, तर पहिल्या बाकावरून आवाज आला, "गुरुजी, ह्यो म्हणून लंगडा हाय." तें पोरगें कोणाचें तें ओळखलें असेलच.

आपल्या नोकरीपुरत्या एक दोन गोष्टी सांगून टाकतों, कारण दुपारच्या सत्राला उशीर होतो आहे. शाळेचें सोडून भलतींच कामें गळ्यांत येतात, ही आपली जुनी तक्रार. त्यावर "आम्ही काय वेठबिगार आहों काय?" असें म्हणून उपयोग नाहीं. २००९ च्या कायद्याचें २७ वें कलम उघडा: दहा वर्षांची जनगणना, आपत्तीच्या वेळचें मदतकार्य आणि निवडणुका, यांखेरीज शिक्षकाला शिक्षणाबाहेरचें काम लावूं नये. तेव्हां हुकूम आला कीं नम्रपणें लेखी विचारा, "हें काम या तिहींपैकीं कशांत येतें तें कळावें." शिक्षक कमी असतील तर "मुलांचें नुकसान होतें" असें नुसतें लिहूं नका, पहिली ते पांचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन, हें त्याच कायद्याच्या परिशिष्टांत आहे. आपला पट लिहा, शिक्षक लिहा, वजाबाकी साहेब करतील. त्यांना तेवढी येते. मोबाईलवर भिंतीचा फोटो काढून पाठविला कीं काम झालें, असें हल्लीं पुष्कळांना वाटतें. फोटो चांगला पुरावा आहे, पण कोणत्या दिवशींचा, कोणत्या खोलीचा, आणि त्यावरून मागतां काय, तें खालीं लिहा. आणि शाळा व्यवस्थापन समिती सह्यांपुरती ठेवूं नका. तिच्यांत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या असा कायदाच आहे. आपल्याला जें बोलावयास भीति वाटते तें त्यांच्यांतलें कोणीतरी बोलून जातें. तें मीं वर सांगितलेंच.

आमच्या भिंतीचें काय झालें, असें तुम्ही विचाराल. गांवानें टेकू दिला, त्यावर दोन पावसाळे निघाले. पक्क्या दुरुस्तीचा अर्ज गेल्या फाल्गुनांत केला आहे. एक पान, भिंत किती इंच फुगली त्याची महिनावार नोंद, मिस्त्रीचा अंदाज, आणि देवळांत शाळा कां भरवितां येणार नाहीं याचें कारण, या खेपेस खरें. समितीच्या अध्यक्ष आतां त्याच बाई आहेत; अर्जावर पहिली सही त्यांची, दुसरी माझी. कागद तालुक्याला अडकला आहे, म्हणून सोमवारीं आम्ही दोघें सकाळच्या पहिल्या एस.टी.नें जाणार आहों. ज्यांचे अर्ज तेथेंच पडले असतील त्यांनीं आपआपल्या वह्या घेऊन स्टँडवर यावें.